ऐकून ठेवलेलीं आयुष्यें

(मंडळाच्या वार्षिक संमेलनांत झालेल्या भाषणाचा मजकूर)



पुढील वर्षाच्या स्मरणिकेंत ज्ञातींतील ऐंशी वर्षांवरील स्त्रीपुरुषांच्या आयुष्याच्या हकीकती छापावयाच्या, असा ठराव कार्यकारी मंडळानें केला आहे, आणि त्या कामाविषयीं आम्हीं चार शब्द बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत खडू झिजविलेले गृहस्थ. इतिहाससंशोधन हा आमचा प्रांत नव्हे. तथापि गेल्या वीस वर्षांत या स्मरणिकेंतील दिवंगतांचे आणि सत्कारमूर्तींचे अल्पपरिचय बहुधा आमच्याच लेखणींतून उतरले, आणि ते कसे उतरले हें आमच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक नाहीं. प्रत्येक पुरुष 'कष्टाळू, मनमिळाऊ व सचोटीचा'. प्रत्येक स्त्री 'सुगृहिणी व आतिथ्यशील'. नांवें झांकलीं तर कोणता परिचय कोणाचा हें घरच्या माणसांसही ओळखतां येऊं नये! त्या वेळीं यांत कांहीं उणें आहे असें आम्हांस वाटलें नाहीं. वाटूं लागलें तें गेल्या वर्षीं, आणि तेंही सातासमुद्रांपलीकडे. म्हणून आज थोडें दूरचें बोलणार आहों, त्याबद्दल क्षमा असावी.

धाकट्या कन्येच्या बाळंतपणाच्या निमित्तानें आम्ही उभयतां अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यांत पांच महिने राहिलों. कन्या व जांवई कामावर गेलीं म्हणजे घरांत आम्ही दोघें, बाळ आणि संगणक. जांवयांनीं एके दिवशीं आम्हांस एक ध्वनिमुद्रण लावून दिलें. चॅपल हिल येथील विद्यापीठांत १९७३ सालापासून एक खातें चालू आहे; त्याचें काम म्हणजे दक्षिणेकडील साध्या माणसांकडे जावें, त्यांचें आयुष्य त्यांच्याच तोंडून ऐकावें आणि यंत्रावर उतरवून ठेवावें. अशा हजारों मुलाखती तेथें जमल्या असून कोणासही घरबसल्या ऐकतां येतात. आम्हीं ऐकली ती कापडगिरणींत जन्म घालविलेली एक वृद्धा होती. तिच्या इंग्रजीचा निम्मा भाग आम्हांस कळला नाहीं. पण मध्येंच खुर्ची कुरकुरते, बाहेर कुत्रें भुंकतें, बोलतां बोलतां बाई थांबते आणि नवऱ्याची गोष्ट निघाली म्हणजे तिचा आवाज खालीं उतरतो, हें कळावयास कोश लागत नाहीं. पुढें जांवयांच्या मदतीनें आणि शब्दकोशाच्या आधारानें या उद्योगाविषयीं जें जें मिळालें तें आम्हीं वाचलें.

अमेरिकेची 'दक्षिण' म्हणजे नुसती दिशा नव्हे. व्हर्जिनिया, दोन्ही कॅरोलायना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी इत्यादि राज्यांचा तो मुलूख. कापूस आणि तंबाखू यांचा, आणि १८६५ पर्यंत गुलामांच्या कष्टावर उभा असलेला. या मुलखाशीं आपला संबंध नाहीं असें समजूं नये. १८६१ ते १८६५ या काळांत तेथें यादवी युद्ध पेटलें, कापूस विलायतेस जाईना, तेव्हां मुंबईच्या बाजारांत कापसाचा भाव गगनास भिडला आणि युद्ध थांबतांच अनेक पेढ्या बुडाल्या. तेथील लहान गांवें एका सांच्याचीं असतात. एक मुख्य रस्ता, मध्यभागीं न्यायकचेरी, आगगाडीचें स्टेशन, सरकी काढण्याचा कारखाना किंवा कापडगिरणी, आणि प्रार्थनामंदिरें बहुधा दोन प्रकारचीं, गोऱ्यांचीं निराळीं व काळ्यांचीं निराळीं. अशा गांवांचा इतिहास कोण लिहितो? मळेवाल्यांच्या घराण्यांचा लिहिला गेला, सेनापतींचा लिहिला गेला. बाकीचीं माणसें जन्मलीं आणि मेलीं.

१९३० नंतरच्या दशकांत तेथें भयंकर मंदी आली. लाखों लोक बेकार झाले, त्यांत लेखक आणि शिक्षकही होते. सरकारनें १९३५ सालीं अशा लेखणीवाल्यांना काम देण्याची एक योजना काढली. त्या योजनेच्या दक्षिणेकडील कामावर डब्ल्यू. टी. काउच नांवाचे गृहस्थ होते. ते चॅपल हिल येथील विद्यापीठाचें छापखान्याचें खातें चालवीत. त्यांचें म्हणणें असें कीं, दक्षिणेंतील गरिबांविषयीं लिहिणारे पुष्कळ झाले, आतां त्यांनाच बोलूं द्या. लेखक कुळांच्या खोपटांत, गिरणीवस्त्यांत आणि गांवच्या दुकानांत जाऊन बसले, आणि १९३९ सालीं या आयुष्यकथांचें एक पुस्तक निघालें. त्या वेळीं खेडोपाडीं यंत्र नेणें कठीण. बहुतेकांनीं ऐकलें, टिपलें आणि घरीं येऊन आठवणीनें लिहिलें. आमच्या अल्पपरिचयांत आणि त्यांत एवढा भेद कीं, त्यांनीं विशेषणें थोडीं आणि भाकरीचा हिशेब अधिक लिहिला.

याच योजनेंतून १९३६ ते १९३८ या काळांत आणखी एक मोठें काम झालें. गुलामगिरींत जन्मलेलीं माणसें अद्याप हयात होतीं, बहुतेक ऐंशी-नव्वदीच्या घरांत. सतरा राज्यांतून अशा तेवीसशेंहून अधिक वृद्धांच्या हकीकती लिहून घेण्यांत आल्या. आणखी दहा वर्षें गेलीं असतीं तर विचारावयास कोणी उरलें नसतें. या हकीकतींतील एका बाईची गोष्ट विस्तारानें सांगितल्यावांचून आमच्यानें पुढें जाववत नाहीं.

साउथ कॅरोलायनांतील चार्ल्सटन शहरीं सुसान हॅम्लिन नांवाची शंभरी ओलांडलेली कृष्णवर्णीय म्हातारी राहत असे. १९३७ सालीं योजनेकडून तिच्याकडे एक गोरी बाई गेली. म्हातारीस वाटलें, ही मदतकचेरींतून आली. कारण त्या कचेरीकडून तिला पूर्वीं साहाय्य मिळत असे. लेखिकेनें हा गैरसमज दूर केला नाहीं, आणि तसें तिनें आपल्या टिपणांत स्वतःच नोंदवून ठेवलें आहे. म्हातारीनें काय सांगावें? धनी मोठा भला माणूस, धनीणबाईच्या माहेरचीं माणसें थोर, गुलामांना सर्व चांगलें वागवीत. त्याच वर्षीं योजनेंतील एक कृष्णवर्णीय लेखक तिच्याकडे गेला. त्याच्यापुढें तीच म्हातारी, तीच आठवण, पण हकीकत दुसरीच. आयांच्या पदराखालून मुलें ओढून विकलीं जात तो आक्रोश, एका रात्रीं लग्न लागून दुसऱ्या सकाळीं विकली गेलेली नवरी, रक्त येईतों बसणारे फटके. दोन्ही हकीकती सरकारच्या दप्तरीं आहेत. एकींत तिचें आडनांव हॅम्लिन, दुसरींत हॅमिल्टन; तेवढ्यावरून त्या दोन निराळ्या बाया आहेत असें एखाद्यास वाटावें.

म्हातारी खोटें बोलली काय? आमच्या मतें नाहीं. ज्या शहरांत गोऱ्यांच्या मर्जीवर पोटाची सोय, तेथें गोऱ्या पाहुणीपुढें तिच्या जातीच्या धन्याची निंदा करणें हें शहाणपण नव्हे. तिनें समोरचा माणूस पाहिला आणि त्यास सोसेल तेवढेंच पात्रांत वाढलें. दोष द्यावयाचाच तर ज्या लेखिकेनें गैरसमज तसाच राहूं दिला तिला द्यावा. पण ती लेखिका आम्हांस परकी वाटत नाहीं, त्याचें कारण सांगतों.

आम्ही ज्या गांवीं बारा वर्षें शिक्षक होतों, तेथील शाळेच्या एका समारंभासाठीं शाळेचा इतिहास लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्हीं गांवांतील चार प्रतिष्ठित वृद्धांस विचारलें आणि लिहिलें कीं, 'या शाळेंत भेदाभेद कधींच नव्हता, सर्व जातींचीं मुलें एकाच माठांतील पाणी पीत.' पुस्तिका छापली, वांटली, वाहवा झाली. पुढें वर्षभरानें बाजारांत एक प्रौढ गृहस्थ भेटले. आमच्या पूर्वीं ते त्याच शाळेंत शिकलेले, आणि त्या काळीं ज्या वस्तीला गांवकुसाबाहेर म्हणत त्या वस्तींतील. ते हंसून म्हणाले, "गुरुजी, माठ एकच होता हें खरें. पण आम्ही ओंजळ धरायची आणि वरून कोणीतरी पाणी ओतायचें. ज्या दिवशीं ओतणारा पोरगा शाळेंत आला नसेल, त्या दिवशीं तहानलेलेंच घरीं जायचें." त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, आणि त्यामुळें आमची अधिकच शोभा झाली. आम्ही चार माणसांस विचारलें, आणि चारही माठाच्या त्या बाजूचीं, जेथें तांब्या हातांत असतो. या पांचव्या माणसास विचारावें हें आम्हांस सुचलेंच नाहीं. आणि सुचलें असतें तरी शाळेच्या मास्तरांपुढें, समारंभाच्या पुस्तिकेसाठीं, ते काय बोलले असते?

महात्मा फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहिली, तेव्हां ती अमेरिकेंतील ज्या लोकांनीं काळ्यांना दास्यांतून सोडविलें त्यांस अर्पण केली होती. शाळेंत हें वाक्य आम्हीं मुलांकडून कितीदां पाठ करून घेतलें असेल. चार्ल्सटनच्या म्हातारीच्या दोन हकीकती वाचल्या त्या रात्रीं त्या अर्पणपत्रिकेचा अर्थ आम्हांस नव्यानें लागला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां दुसरी गोष्ट, आणि ही आमच्या विशेष आवडीची. झोरा नील हर्स्टन ही कृष्णवर्णीय लेखिका फ्लोरिडांतील ईटनव्हिल या काळ्यांच्याच लहानशा गांवांत वाढली आणि पुढें न्यूयॉर्क येथें मानववंशशास्त्र शिकली. १९२७ सालीं ती अलाबामांतील मोबील शहराजवळ एका वृद्धास भेटावयास गेली. त्याचें तेथील नांव कुड्जो लुईस. १८०८ पासून परदेशांतून गुलाम आणण्यास बंदी होती. तरी १८६० सालीं 'क्लोटिल्डा' नांवाच्या जहाजानें आफ्रिकेंतून शंभरावर माणसें चोरून आणलीं, त्यांत हा तरुण होता. पांच वर्षें गुलाम राहून तो सुटला. मायदेशीं परत जाण्यास पैसा नाहीं, म्हणून त्याच्या सोबत्यांनीं पै पै जमवून जमीन घेतली आणि आपलें गांव वसविलें; त्यास आजही आफ्रिकाटाउन म्हणतात. त्या जहाजाचे बुडालेले अवशेष २०१९ सालीं ओळखले गेले.

हर्स्टनबाईंची पहिली भेट फुकट गेली. हातीं पुरेसें कांहीं लागलें नाहीं, तेव्हां त्यांनीं एका जुन्या पुस्तकांतून मजकूर उचलून लेख छापला. ही गोष्ट उघडकीस आली ती त्यांच्या मृत्यूनंतर. एवढी मोठी लेखिका, पण तिलाही एका भेटींत काम उरकण्याचा मोह झाला, हें वाचून आम्हांस काहींसा दिलासाच वाटला! मात्र त्या पुनः गेल्या, आणि या खेपेस महिनेन् महिने जात राहिल्या. कधीं पीच फळें घेऊन, कधीं कलिंगड घेऊन. त्यांनीं त्यास त्याच्या मूळ नांवानें, कोसोला म्हणून, हांक मारली, तेव्हां म्हाताऱ्याच्या डोळ्यांस पाणी आलें. कारण त्या नांवानें हांक मारणारें कोणी उरलें नव्हतें. बायको गेली होती, सहाही मुलें त्याच्या आधीं गेलीं होतीं. कांहीं दिवस तो बोले. कांहीं दिवस 'आज बागेंत काम आहे' म्हणून परत पाठवी. मग त्या काम करूं लागत, देवळाची झाडलोट करूं लागत, दोघें मिळून फळें खात, आणि कांहीं न विचारतां घरीं येत. 'तुमच्याविषयीं सांगा' असें म्हटलें तर कोसोला आजोबांपासून आरंभ करी. बापाची आणि आजाची गोष्ट झाल्यावांचून माणसाची गोष्ट कशी सांगावयाची, असें त्याचें म्हणणें. आमच्या छापील प्रश्नावलींत, जी आपल्या मंडळानें यंदा तयार केली आहे, पहिला रकाना 'जन्मतारीख' हा आहे. कोसोलास ती दिली असती तर तो बागेंतच निघून गेला असता.

एकदां हर्स्टनबाईंनीं त्याचें छायाचित्र काढावयाचें ठरविलें. कोसोला घरांत जाऊन उत्तम कोट घालून आला, पण पायांतले बूट काढून. आफ्रिकेंत होतों तसा दिसावा, अशी त्याची इच्छा. आणि उभा राहिला तो घरापुढें नव्हे, तर आपल्या बायकामुलांच्या थडग्यांमध्यें.

हें पुस्तक १९३१ च्या सुमारास लिहून तयार होतें. परंतु कोसोलाची भाषा हर्स्टनबाईंनीं जशी त्याच्या तोंडून आली तशी ठेवली होती, मोडकी, तोडकी, त्याच्या वळणाची. प्रकाशकास ती शुद्ध करून हवी होती. बाई बधल्या नाहींत. कोसोला १९३५ सालीं गेला, बाई १९६० सालीं गेल्या, आणि पुस्तक छापून निघालें तें २०१८ सालीं.

भाषेचा हा प्रश्न त्या सरकारी योजनेंतही निघाला होता. गोरे लेखक काळ्यांचे उच्चार हास्यास्पद वाटतील इतके वांकडेतिकडे लिहीत. तेव्हां योजनेंत संपादक असलेले कवि स्टर्लिंग ब्राऊन यांनीं सूचना काढली कीं, उच्चार हुबेहूब उतरविण्याच्या नादीं लागूं नका. माणसाची बोलण्याची ढब, त्याचे वाक्प्रयोग मात्र सोडूं नका. आम्हांस ही सूचना फार मोलाची वाटते. आमचा हात लाल शाईचा. आमच्या आत्याबाई 'म्या न्हाई म्हनलं' असें बोलत. आम्हीं त्यांच्याविषयीं लिहितांना 'मी नकार दिला' असें लिहिलें. त्या एका वाक्यांत आत्याबाईंचा नाहीं म्हणण्याचा ठसकाच निघून गेला. 'न्हाई' असें छापलें काय किंवा 'नाहीं' असें छापलें काय, फारसें बिघडत नाहीं. पण 'नकार दिला' असें त्या जन्मांत बोलल्या नव्हत्या. वास्तविक आपल्या भाषेस हें नवें नाहीं. म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा ज्यानें पाहिल्या-ऐकल्या त्याच्याकडून गोळा केल्या. 'लीळाचरित्रां'तील बोलणें आजही बोलल्यासारखें वाटतें. आम्ही मास्तरांनींच मध्यें ही संवय मोडली.

अलाबामांतील नेड कॉब या शेतकऱ्याची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण वेळ होत आला. जन्म १८८५ चा, बाप गुलामगिरींत जन्मलेला, स्वतःस लिहितां-वाचतां येत नव्हतें. अर्धेलीनें शेती करीत करीत त्यानें स्वतःचीं खेंचरें आणि अवजारें केलीं. १९३२ सालीं कर्जापायीं शेजाऱ्याचीं जनावरें जप्त करावयास अधिकारी आले, तेव्हां हा आडवा उभा राहिला. गोळीबार झाला, आणि त्यास बारा वर्षें तुरुंगांत काढावीं लागलीं. १९६९ सालीं थिओडोर रोझेनगार्टन नांवाचा तरुण संशोधक त्यास विचारावयास गेला कीं, तुम्ही शेतकऱ्यांच्या संघटनेंत कां शिरलांत? चौऱ्यांशीच्या घरांतील म्हाताऱ्यानें उत्तर दिलें नाहीं. त्यानें एका गवताच्या गाडीपासून गोष्ट आरंभिली आणि आठ तास बोलत राहिला. आठ तासांनंतर पाहुण्याच्या ध्यानांत आलें कीं, हेंच उत्तर होतें. पुढें रोझेनगार्टन यंत्र घेऊन परत आला. अवजारांच्या छपराखालीं दोघें बसत. म्हातारा हातानें टोपल्या विणी आणि बोले. पाऊस आला म्हणजे खुर्च्या आंत सरकवीत. शंभराहून अधिक तासांचें बोलणें जमलें. त्याचें पुस्तक १९७४ सालीं निघालें आणि पुढच्या वर्षीं त्यास अमेरिकेंतील मोठें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. हयात माणसांस बाधा येऊं नये म्हणून त्यांत माणसांचीं व गांवांचीं नांवें बदललेलीं आहेत. नेड कॉबचें 'नेट शॉ' झालें. पुस्तक निघण्यापूर्वींच, १९७३ च्या नोव्हेंबरांत, तो वारला.

शिक्षक या नात्यानें एका शाळेचा उल्लेख न करणें आम्हांस अशक्य आहे. जॉर्जिया राज्याच्या डोंगराळ भागांत रॅबन गॅप म्हणून गांव आहे. १९६६ सालीं तेथें एक तरुण शिक्षक इंग्रजी शिकवावयास आला. मुलें इतकीं व्रात्य, कीं एकानें त्याच्या समोरचें बोलण्याचें मेजच पेटविलें. (हें वाचून आमच्या मंडळींनीं आमच्याकडे अर्थपूर्ण दृष्टीनें पाहिलें.) त्यानें पाठ्यपुस्तक बाजूस ठेविलें आणि मुलांना म्हटलें, आपण मासिक काढूं या. मुलें आपल्या आजा-आजींकडे आणि डोंगरांतील वृद्धांकडे गेलीं. ओंडक्यांचें घर कसें बांधावें, साबण कसा करावा, गोधडी कशी शिवावी, पेरणीचा मुहूर्त कसा पहावा, सर्व विचारून, छायाचित्रें काढून, शब्दशः लिहून त्यांनीं छापलें. कुजक्या लांकडावर रात्रीं जो प्रकाश दिसतो, त्याचें नांव त्यांनीं मासिकास दिलें, 'फॉक्सफायर'. आरी कार्पेंटर या एकट्या राहणाऱ्या आजीकडे मुलें पहिल्यांदा गेलीं तेव्हां ती डुकराच्या मुंडक्यांतील डोळे काढण्याच्या खटपटींत होती. मुलांनीं आधीं त्या कामांत हात दिला आणि मग प्रश्न विचारले. आपल्या घरीं तशी वेळ येणार नाहीं. पण शेंगा सोलावयास किंवा वाती वळावयास बसण्यास कोणाची ना आहे? १९७२ सालीं त्या लेखांचें पुस्तक निघालें आणि त्याच्या लाखों प्रती खपल्या. त्या शिक्षकाविषयीं एक गोष्ट लपविणें योग्य नव्हे. १९९२ सालीं एका अल्पवयीन मुलाविषयींच्या गुन्ह्याची त्यानें कबुली दिली व त्यास कारावास झाला. मुलांनीं उभें केलेलें काम त्याच्यावांचून चालूं राहिलें.

आणि माणसें जें सांगत नाहींत त्याचें काय? साउथ कॅरोलायनांत हनी पाथ नांवाचें गिरणीगांव आहे. सप्टेंबर १९३४ च्या मोठ्या संपांत तेथें गिरणीच्या दारांत गोळीबार होऊन सात कामगार ठार झाले. त्यानंतर गांवानें तोंड मिटलें. मारणारे आणि मरणारे एकाच गांवचे, नोकरी त्याच गिरणीची, घर गिरणीच्या मालकीचें. बापानें मुलास सांगितलें नाहीं, सासूनें सुनेस सांगितलें नाहीं. मुलाखत घेणारे गेले तरी संपाची गोष्ट निघाली कीं लोक विषय बदलीत. अखेर १९९५ सालीं, एकसष्ट वर्षांनंतर, त्या सात जणांच्या स्मृतीचा दगड गांवांत उभा राहिला. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगांवांतील कामगारांच्या आठवणी नीरा आडारकर व मीना मेनन यांनीं गोळा करून २००४ सालीं छापल्या. आपल्या ज्ञातींतील जीं कुटुंबें लालबाग-परळकडे होतीं त्यांनीं त्या जरूर वाचाव्या.

अशीं मिटलेलीं तोंडें आपल्या मंडळांतही आहेत. कोणाच्या चुलत्याचें दिवाळें निघालें, कोणाची बहीण सासरीं विहिरींत पडली आणि 'पाय घसरला' असें सांगण्यांत आलें, कोण विधवा जन्मभर दिराच्या घरीं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत निजली, हें येथें बसलेल्या पुष्कळांस ठाऊक आहे आणि स्मरणिकेच्या एकाही पानावर नाहीं. सर्व छापावें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. चॅपल हिलच्या खात्यांत मुलाखत झाल्यावर सांगणाऱ्याची लेखी संमति घेतात. त्यानें हयातींत उघड करूं नका म्हटलें तर तसें ठेवतात. आपणही एक कुलूपबंद पेटी करूं शकूं, आणि चिटणीसांस आमची तशी विनंती आहे. परंतु प्रश्नावलींतील 'समाजकार्य', 'देणगी' आणि 'मिळालेले मानसन्मान' हे तीन रकाने तूर्त काढून टाकावे.

नमुना म्हणून गेल्या महिन्यांत आम्ही आपल्यांतील एका ब्याण्णव वर्षांच्या काकूंकडे गेलों होतों. हॉलमध्यें मुलगे, सुना, नातू असे सर्व बसले होते. आम्हीं वही उघडली. काकू म्हणाल्या, "सगळं छान झालं हो गुरुजी. सासूबाई देवमाणूस होत्या." मुलगे माना डोलावीत होते. चहा झाला, आम्हीं दीड पान लिहिलें, कष्टाळू, मनमिळाऊ. तेवढ्यांत आमच्या मंडळी आंत त्यांच्या खोलींत औषधाची बाटली आणावयास गेल्या आणि मागोमाग काकूही काठी टेकीत गेल्या. त्या दोघी पाऊण तास बाहेर आल्या नाहींत. परतीच्या वाटेवर रिक्षांत आमच्या मंडळी कांहीं बोलेनात. घरीं आल्यावर म्हणाल्या, "तुम्ही लिहिलेलं ते खोडून टाका. चौदा वर्षांच्या होत्या त्या तेव्हां." याहून अधिक त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हीं विचारलें नाहीं.

परवां काकूंचा दूरध्वनि आला होता. येत्या गुरुवारीं मुलगे कामावर आणि सुना लग्नाला जाणार आहेत, तेव्हां या, असें त्यांनीं कळविलें आहे. वही आणूं नका, बाईंना घेऊन या, आणि तुम्ही बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसा, असा निरोप आहे. आम्ही जाणार आहों.